एक्स्टर्नल हार्ड डिस्क दिसत नाही, आतला डेटा हवाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिस्क आत्ता कंप्युटरला लावलेली असेल तर आधी काढा, मग पुढे वाचा. ग्रँट रोडला आमच्या डेटा रिकव्हरीच्या टेबलावर येणाऱ्या डिस्कपैकी कितीतरी मूळ बिघाडाने तेवढ्या खराब झालेल्या नसतात, जेवढ्या नंतरच्या धडपडीने होतात. लग्नाचे फोटो, सोसायटीचे हिशेब, गेलेल्या माणसाचा आवाज, प्रबंधाचा एकमेव मसुदा असं काय काय त्यांत असतं. डिस्क दुसरी विकत मिळते, हे मिळत नाही. म्हणून इथली उत्तरं डिस्क वाचवण्यासाठी नाहीत, डेटा वाचवण्यासाठी आहेत.

डिस्क लावली, काहीच झालं नाही. सगळ्यात आधी काय करू?

ऐका. पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, डिस्क टेबलावर सपाट ठेवा, एकदाच लावा आणि दहा-पंधरा सेकंद कान देऊन ऐका. बोट हलकेच वर टेकवलं तर आतली मोटर फिरतेय का तेही कळतं.

एकसारखा मंद घरघर आवाज, दिवा चालू, बाकी शांत : बिघाड बहुधा केबलचा, पोर्टचा, आतल्या यूएसबी बोर्डाचा किंवा फाइल सिस्टिमचा (कुठली फाइल कुठे आहे याच्या नोंदींचा). इथे घरी थोडं करून बघता येतं.

टक-टक-टक, खरखर, किंवा बारीक बीप-बीप : यांत्रिक बिघाड. लगेच काढा.

अजिबात आवाज नाही, कंपन नाही : वीज पोचत नाही, किंवा सर्किट बोर्ड गेलाय. केबल आणि पोर्ट बदलून एकदा बघा, तरीही शांतच असेल तर थांबा.

पुढचं सगळं या एका निरीक्षणावर ठरतं. फोनवर कोणी विचारलं तर आमचाही पहिला प्रश्न हाच असतो, आवाज कसा येतोय?

टक-टक येतंय, पण मधेच एकदा दिसली होती. अजून एकदा लावून बघू?

नको. हा मोह किती मोठा असतो ते आम्ही रोज पाहतो, तरीही नको.

डिस्कच्या आत तबकड्या फिरतात. पोर्टेबल डिस्कमध्ये साधारणपणे मिनिटाला ५४०० वेळा. वाचणारं हेड त्या तबकडीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर हवेच्या थरावर तरंगत असतं. हेड दुखावलं की त्याला तबकडीवरच्या खुणा वाचता येत नाहीत. ते परत मागे येतं, पुन्हा प्रयत्न करतं, पुन्हा मागे येतं. तो टक-टक आवाज या फेऱ्यांचा. अशा स्थितीत वाकलेलं हेड तबकडीवर घासलं तर चुंबकीय थर खरवडला जातो, आणि तेवढ्या भागातला डेटा जगातली कुठलीही लॅब परत आणू शकत नाही. मधेच एकदा दिसली याचा अर्थ हेडमध्ये अजून थोडा जीव आहे. तो जीव 'बघू या लागते का' यात खर्च करू नका, कॉपी करणाऱ्या माणसासाठी राखून ठेवा.

बीपचा आवाज बहुतेकदा मोटर फिरायचा प्रयत्न करतेय पण फिरू शकत नाही, याचा असतो. हेड तबकडीला चिकटून बसलेलं असतं, किंवा बेअरिंग जाम झालेलं असतं, किंवा क्वचित वीज कमी पडत असते. वीज कमी पडण्याची शंका असेल तर दुसऱ्या चांगल्या केबलने, लॅपटॉपच्या थेट पोर्टला एकदा लावून बघायला हरकत नाही. तेवढंच.

आवाज नॉर्मल आहे. केबल खराब असू शकते का?

असू शकते, आणि तसं निघालं की आम्हालाही बरं वाटतं.

छोट्या अडीच इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, ती यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालते. प्रमाणानुसार यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. मोटर सुरू होताना डिस्कला सगळ्यात जास्त करंट लागतो. लांब, स्वस्त केबल किंवा चार गोष्टी अडकवलेला हब मधे असला तर तो मिळत नाही, दिवा मात्र लागतो आणि आपण फसतो. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टवरही भरवसा ठेवू नका, कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा. डिस्कच्या बाजूचं ते रुंद, चपटं सॉकेट लवकर ढिलं होतं. केबल हातात धरून ठेवली तरच डिस्क दिसते असं झालं असेल तर रेटून कॉपी सुरू करू नका. अर्ध्यात कनेक्शन तुटलं तर फाइल सिस्टिमचंही नुकसान होतं.

वर्सोवा, वरळी, दादर चौपाटीच्या आसपास राहणाऱ्यांनी सॉकेटमध्ये टॉर्च मारून बघावं. खाऱ्या हवेने पिना काळवंडलेल्या दिसतात. कोरडा मऊ ब्रश फिरवा, पाणी किंवा तेलाचा स्प्रे नको.

मोठ्या साडेतीन इंची डिस्कला बारा व्होल्टचा अडॅप्टर लागतो. घरात तशीच गोल पिन असलेला लॅपटॉपचा अडॅप्टर सापडतो, तो एकोणीस व्होल्टचा असतो, आणि तो लावला की बोर्ड जळतो. अडॅप्टरवरचे आकडे वाचल्याशिवाय दुसरा अडॅप्टर लावू नका.

दिवा लागतो, आवाज ठीक, पण माय कंप्युटरमध्ये नाव येत नाही. आता कुठे बघू?

विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडा. इथे फक्त बघायचं आहे. उघडल्या उघडल्या 'इनिशियलाइज डिस्क' अशी खिडकी आली तर कॅन्सल करा. ओके म्हणालात तर डिस्कवर नवा पार्टिशन तक्ता (डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत याची नोंद) लिहिला जातो.

आता खालच्या भागात तुमची डिस्क शोधा आणि तिची साइज बघा. एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवत असेल तर ते बरोबर आहे, मोजण्याची पद्धत वेगळी असते एवढंच.

साइज बरोबर, निळी पट्टी आहे, फक्त अक्षर नाही : राइट क्लिक करून ड्राइव्ह लेटर द्या. डिस्क समोर येईल. यात काही धोका नाही.

साइज बरोबर, पण पट्टी काळी आणि 'अनअलोकेटेड' : पार्टिशनची नोंद हरवली आहे. डेटा बहुधा जागेवर आहे. नवा व्हॉल्यूम बनवू नका.

साइज बरोबर, पण 'रॉ' : विंडोजला फाइल सिस्टिम ओळखता येत नाही. खालचा फॉरमॅटचा प्रश्न वाचा.

साइज शून्य, किंवा साइजच नाही आणि 'नॉट इनिशियलाइज्ड' : डिस्कचा यूएसबी बोर्ड बोलतोय, आतली डिस्क बोलत नाही. यावर कुठलंही सॉफ्टवेअर काम करणार नाही, विकत घेऊ नका.

डिस्क इथेही नाहीच, आणि दुसऱ्या कंप्युटरवरही नाही : हार्डवेअरचा बिघाड.

मॅकवर हेच काम डिस्क युटिलिटी करते. तिथेही 'इरेज' आणि 'फर्स्ट एड' या दोन्हींना सध्या हात लावू नका.

'फॉरमॅट करायची आहे का?' असं विचारतंय. हो म्हणू का?

नाही. आधी आठवा, ही डिस्क कोणी मॅकवर वापरली होती का? मॅकवर एपीएफएस किंवा एचएफएस प्लस पद्धतीने तयार केलेली डिस्क विंडोजला कळत नाही आणि ते लगेच फॉरमॅटचा सल्ला देतं. डिस्क ठणठणीत असते. भाचीच्या मॅकबुकला लावली की सगळं दिसतं. सेट-टॉप बॉक्सला रेकॉर्डिंगसाठी लावलेल्या डिस्कचं वेगळं, काही बॉक्स ती आपल्या पद्धतीने फॉरमॅट करूनच घेतात.

असं काही नसेल तर बहुधा डिस्क इजेक्ट न करता ओढून काढलेली असते. एक्सफॅट पद्धतीच्या डिस्कला हे फार बाधतं, कारण त्यात अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही नसते. एनटीएफएसमध्ये ती असते, म्हणून तिथे सावरण्याची शक्यता जास्त.

चुकून हो म्हटलं गेलं असेल तरी आशा सोडू नका. क्विक फॉरमॅट फाइलींच्या नोंदी नव्याने लिहितं, जुना डेटा बराचसा तिथेच राहतो. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सगळ्या डिस्कवर शून्यं लिहीत जातं. ते चालू असेल तर मधेच थांबवा, पुढचा भाग वाचेल. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. हल्लीच्या बऱ्याच पोर्टेबल हार्ड डिस्क ट्रॅकवर ट्रॅक चढवून लिहिण्याच्या पद्धतीच्या असतात, आणि त्यातल्या काही एसएसडीसारखा ट्रिम आदेश (ही जागा आता रिकामी, असं डिस्कला सांगणारा) पाळतात. फॉरमॅट झाल्यावर त्या रिकाम्या जागा वाचायला गेलं की शून्यंच देतात. म्हणून चुकीचं फॉरमॅट झालं की त्याच क्षणी डिस्क काढा.

व्हिडिओत सांगितलंय की चेकडिस्क चालवा. चालवू?

कॉपी हातात येईपर्यंत नाही. चेकडिस्क हे विंडोजमधलं डिस्क तपासायचं साधन. ते डिस्कवरच्या नोंदी एकमेकींशी जुळवण्यासाठी बनवलेलं आहे, तुमच्या फाइली वाचवण्यासाठी नाही. ज्या नोंदी जुळत नाहीत त्या ते काढून टाकतं किंवा तुकडे करून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतं, आणि हे सगळं त्याच डिस्कवर लिहून. आजारी डिस्कवर बॅड सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे छोटे तुकडे, शोधत ते तासन्‌तास हेड राबवत बसतं. 'चेकडिस्क केलं, त्यानंतर फोल्डर रिकामे झाले' हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की हा प्रश्न आला की जीव वर-खाली होतो.

मग घरी नेमकं काय करता येतं?

आवाज स्वच्छ असेल, साइज बरोबर दिसत असेल आणि डेटा गेला तरी चालेल इतपत तुमची तयारी असेल, तर करता येतं. डेटा गेला तर चालणारच नसेल, तर हा भाग सोडून द्या.

आधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कच्या स्वतःच्या नोंदी दाखवतं. त्यात तीन ओळी महत्त्वाच्या, ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकालाची वाट बघणारे सेक्टर, आणि सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. सी५ शून्य नसेल आणि वाढत असेल तर डिस्क खचत चालली आहे. अशा डिस्कवर रिकव्हरी सॉफ्टवेअर सोडू नका.

तब्येत ठीक असली तरी पहिलं काम म्हणजे संपूर्ण डिस्कची, सेक्टरला सेक्टर, दुसऱ्या मोठ्या डिस्कवर इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढणं. यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन उत्तम आहे. ते लिनक्सवर चालतं. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून ते वापरावं, कारण विंडोज डिस्क लागल्याबरोबर स्वतःहूनच तिच्यात डोकावायला लागतं. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडणारा भाग सोडून पुढे जातं आणि शेवटी परत येतं. कुठपर्यंत आलो याचा नकाशा ते फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मधे वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. ती नकाशा फाइल जपून ठेवा. आदेशात स्रोत आणि लक्ष्य डिस्क उलटी लिहिली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, म्हणून एंटर दाबण्याआधी डिस्कची साइज आणि मॉडेल दोनदा वाचा.

वेळ किती? निरोगी एक टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने पावणेतीन तासांत होते. आजारी डिस्कला दिवस लागतात. वेग अचानक पडला किंवा आवाज बदलला तर थांबा.

इमेज मिळाली की मूळ डिस्क कपाटात ठेवा आणि पुढचं सगळं इमेजवर करा. हरवलेलं पार्टिशन शोधायला टेस्टडिस्क. ते जमलं तर फोल्डर, नावं सगळं जसंच्या तसं येतं. नाही जमलं तर फोटोरेक. ते फाइलीच्या सुरुवातीची ओळखखूण शोधून फाइल उचलतं, त्यामुळे नावं आणि फोल्डर जातात आणि हजारो फोटो आकड्यांच्या नावाने समोर येतात. फोटो साधारण नीट निघतात. लांब व्हिडिओ तुकड्यांत पसरलेले असतील तर फुटके निघतात. पैसे देऊन घ्यायच्या बऱ्याच सॉफ्टवेअरांत आधी फुकट प्रीव्ह्यू मिळतो. फोटो प्रीव्ह्यूमध्ये खरंच उघडला तरच पैसे भरा, नुसतं नाव दिसणं पुरेसं नाही.

परत मिळवलेली एकही फाइल मूळ डिस्कवर सेव्ह करायची नाही.

केस उघडून आतली डिस्क थेट कंप्युटरला जोडली तर?

कधी उपयोग होतो, पण आधी मॉडेल बघावं लागतं. मोठ्या डिस्कमध्ये आत साधी साटा (कंप्युटरच्या आत थेट जोडता येणारी) डिस्क असते आणि बाहेरचा यूएसबी बोर्ड गेला असेल तर हा उपाय लागू पडतो. छोट्या पोर्टेबल डिस्कमध्ये मात्र पुष्कळदा यूएसबीचं सॉकेट डिस्कच्याच बोर्डावर असतं, साटा जोडणी नसतेच. वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्टसारख्या डिस्कमध्ये तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी यूएसबीची चिप डेटा एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक रूपात बदलून, लिहिते. ती चिप वगळून डिस्क वाचली तर निव्वळ गोंधळ दिसतो. तो बोर्ड फेकून देऊ नका, त्याच्याशिवाय पुढचं काम फार अवघड होतं.

'तशाच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून लावा' हा सल्लाही जुना झाला. बोर्डावरच्या एका चिपमध्ये त्या विशिष्ट डिस्कची हेडं आणि तबकड्या यांची माहिती असते. ती माहिती हलवल्याशिवाय बोर्ड बदलून डिस्क चालत नाही.

प्लॅस्टिकची केस उघडणं वेगळं आणि धातूचं झाकण उघडणं वेगळं. धातूचं झाकण घरात कधीच उघडू नका. धुळीचा जो कण डोळ्याला दिसत नाही, तोही हेडच्या खालच्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

फ्रीजरमध्ये ठेवून बघू का? हलकेच ठोकून?

दोन्ही नको. फ्रीजरमधून मुंबईच्या हवेत काढलेल्या डिस्कवर, आतसुद्धा, बाष्प धरतं आणि त्यात तबकड्या फिरल्या की संपलं. ठोकण्याने ठीक असलेलं हेडही जातं.

पावसात घरात पाणी शिरलं, डिस्क बुडाली. काही होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि पुष्कळदा होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून सखल भागातल्या माणसाला हा प्रश्न दर पावसाळ्यात पडतो.

बुडालेली डिस्क वाळवून लावून बघायची नाही. नेहमीच्या हार्ड डिस्कला हवेसाठी एक बारीक छिद्र असतं. त्यातून गाळाचं पाणी आत गेलेलं असू शकतं. पाणी वाळलं की गाळ आणि क्षार तबकडीवर चिकटून बसतात आणि पहिल्याच फेरीला हेड त्यावर आपटतं. हेअर ड्रायर, ऊन, तांदळाचा डबा, काहीच नको. ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, हवाबंद पिशवीत घाला, शक्य तितक्या लवकर लॅबकडे न्या आणि पाणी कसलं होतं ते सांगा. गटाराचं, भरतीचं की टाकीचं, याने साफसफाईची पद्धत बदलते.

माझी एसएसडी आहे. हेच सगळं लागू?

आवाजाचा भाग सोडून द्या, तिच्यात फिरणारं काही नसतं. ती बहुतेकदा काही इशारा न देता एका क्षणी दिसेनाशी होते. कंट्रोलर, म्हणजे तिला चालवणारी चिप, गेला असेल तर काम लॅबचंच. डिलीट केलेल्या फाइलींच्या बाबतीत ट्रिममुळे आशा हार्ड डिस्कपेक्षा बरीच कमी.

डिस्कवर बिटलॉकर होतं.

बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की शोधा. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, छापलेल्या कागदावर किंवा ऑफिसच्या आयटी विभागाकडे. पासवर्डही आठवत नसेल आणि कीही नसेल, तर डिस्क दुरुस्त झाली तरी डेटा वाचता येणार नाही. 'आम्ही तोडून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

लॅमिंग्टन रोडला घेऊन येऊ का? कुणाकडे देऊ?

डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजे आपला लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आहे. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. तिथे कंप्युटर विकणारे, दुरुस्त करणारे आणि डेटा रिकव्हरी करणारे शेजारी-शेजारी बसतात आणि पाट्या सारख्याच दिसतात. माणूस कामाचा आहे का ते प्रश्नांवरून ओळखा.

पहिला प्रश्न, आधी क्लोन (डिस्कची हुबेहूब प्रत) काढता की थेट डिस्कवर स्कॅन लावता? थेट स्कॅन म्हणाला तर नमस्कार करून निघा. दुसरा, हेड बदलायची वेळ आली तर डिस्क कुठे उघडता? त्यासाठी धूळमुक्त कक्ष किंवा तसा बंदिस्त बाक हवा, आणि तो दाखवायला चांगला माणूस आढेवेढे घेत नाही. तिसरा, काम दुसरीकडे पाठवता का? पाठवत असाल तर कुठे? चौथा, तपासणीचे पैसे किती, आणि डेटा मिळाला नाही तर किती? हे पावतीवर लिहून घ्या, सोबत डिस्कचा सीरियल नंबरही. पाचवा, काम झाल्यावर तुमच्याकडची माझ्या डेटाची कॉपी कधी पुसता? घरच्यांचे फोटो, पॅन कार्ड, बँकेचे कागद त्यात असतात, हे विचारायला संकोच करू नका.

एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरवत मात्र नेऊ नका. प्रत्येक जण 'बघू काय होतंय' म्हणत एकदा लावतो, आणि टक-टक करणारी डिस्क चौथ्या दुकानात पोचेपर्यंत मुकी झालेली असते. आणि आधी काय काय केलं ते खरं सांगा. पडली होती, कोणी उघडली होती, फॉरमॅट झालं होतं, जे असेल ते. रागावणार कोणी नाही, पण माहिती लपली तर आमची पहिली पायरीच चुकते.

खर्च किती येईल?

डिस्क न बघता फोनवर ठाम आकडा सांगणाऱ्यापासून सावध राहा. फाइल सिस्टिमचा बिघाड सगळ्यात स्वस्त. हेड बदलायचं काम महाग, कारण त्यासाठी त्याच मॉडेलची दुसरी डिस्क विकत घेऊन तिची हेडं काढावी लागतात, आणि तीही थोडाच वेळ टिकतात. तबकडी खरवडलेली असेल तर खर्च करूनही अपुरं मिळतं.

खर्च आणि धोका कमी करायचा एक चांगला मार्ग म्हणजे यादी. 'सगळं हवंय' याऐवजी 'बाबांचे २०११ ते २०१६ चे फोटो आणि हिशेबाचा फोल्डर' असं सांगा. कमकुवत डिस्कवरून आधी तेवढाच भाग उचलता येतो, सिनेमे मागे ठेवून.

वॉरंटी आहे. कंपनीकडे देऊ?

वॉरंटीत नवी, रिकामी डिस्क मिळते. जुनी सहसा परत मिळत नाही. डेटा हवा असेल तर आधी डेटा, मग वॉरंटी. काही मॉडेलसोबत कंपनीची डेटा रिकव्हरी सेवा येते, खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून पाहा. डिस्क उघडण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचून घ्या.

डोंबिवलीहून लोकलने आणायची आहे. कशी आणू?

अँटीस्टॅटिक पिशवी असेल तर त्यात, नाहीतर सुती कापडात, त्यावर बबल रॅप, मग कडक डब्यात. सॅकमध्ये नको, दरवाजाच्या गर्दीत ती चेंगरते. गर्दीची वेळ टाळा आणि डबा मांडीवर घेऊन बसा. केबल आणि अडॅप्टरही आणा.

डेटा मिळाला म्हणतात. पैसे देण्याआधी काय तपासू?

फाइलींचा आकडा बघून समाधान मानू नका. नावं असतात, आत काही नसतं, असं होतं. प्रत्येक महत्त्वाच्या फोल्डरमधल्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या फाइली उघडा. फोटो पूर्ण आकारात बघा, खालचा अर्धा भाग राखाडी निघतो तेव्हा तो छोट्या चित्रात कळत नाही. व्हिडिओ पुढे सरकवत शेवटपर्यंत न्या. एक्सेलची, टॅलीची फाइल त्या-त्या सॉफ्टवेअरमध्येच उघडून पाहा. काही कमी वाटलं तर तिथेच सांगा, कारण क्लोन अजून लॅबकडे असतो आणि दुसऱ्या पद्धतीने पुन्हा शोधता येतं.

डेटा नव्या डिस्कवर घ्या आणि त्याच आठवड्यात त्याची दुसरी प्रत काढून वेगळ्या घरात ठेवा, बहिणीकडे, गावी, किंवा क्लाउडवर. ते झाल्यावरच लॅबला त्यांची कॉपी पुसायला सांगा. जुनी डिस्कही तोपर्यंत भंगारात देऊ नका.